त्या वर्षी पालखीची वाट कुणी बदलली

मॉलच्या मालकानं माझ्याकडून पितळेची कळशी घेतली आणि भाव केला नाही, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमचं भांड्यांचं दुकान. पलूसपासून जवळच, उसाच्या पट्ट्यातलं गाव. देवळापासून चावडीपर्यंत जाणारी एक जुनी पेठ आणि त्या पेठेत मधोमध आम्ही. दुकान सासऱ्यांनी सुरू केलेलं. ते गेले तेव्हा मिस्टर पलटणीत होते, म्हणून मीच गल्ल्यावर बसले. ते पेन्शनीत आल्यावर दोघं मिळून चालवायला लागलो. इतकी वर्षं बसून मला गिऱ्हाईक कळतं. बाई भांडं घेते तेव्हा आधी ते उलटं करून बूड बघते, बोटानं वाजवते, नाक मुरडते आणि मग भाव पाडायला लागते. पुरुष असला तर बायकोला फोन लावतो. ह्या माणसानं यातलं काहीच केलं नाही. कळशी हातात घेतली आणि म्हणाला, "काकी, हिच्यावर आईचं नाव घाला."

मी मशीननं नाव घालत होते तेवढ्या वेळात तो कळशीकडे बघतच नव्हता. आमच्या दारातून बाहेर बघत होता. समोरच्या दुकानाची पायरी, वरचं पत्र्याचं शेड, मधली गल्ली.

"यात्रेत लय गर्दी होत आसंल की हितं?" त्यानं विचारलं.

"होती की."

"आन् धंदा?"

"देवाच्या किरपेनं भागतंय," मी म्हणाले आणि कळशी त्याच्या हातात दिली.

त्याचा मॉल बायपासला नुकताच सुरू झाला होता. मॉल म्हणजे शहरातल्यासारखा नाही. खाली किराणा, वर कपडे, एका कोपऱ्यात भांडी, बाहेर गाड्या लावायला मोठं मोकळं मैदान. पण गावातल्या पोरी तिथल्या सरकत्या दारासमोर उभ्या राहून फोटो काढायच्या आणि पेठेतली दुकानं दुपारची ओस पडायला लागली होती. तो उद्घाटनाआधी पेठेत दुकानोदुकानी पेढे वाटत फिरला. समोरच्या कापडवाल्या अण्णांच्या तर पाया पडला. अण्णा सासऱ्यांच्या बरोबरीचे, पेठेतले सगळ्यात जुने दुकानदार. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ते मी माझ्या दुकानातून बघितलं आणि लक्षात ठेवलं.

आमच्या गावची यात्रा चैत्रात असते. माझं माहेर म्हसवडकडचं. तिथला रथ आणि तिथली गर्दी बघत वाढलेली मी, त्यामुळं लग्न होऊन आले तेव्हा ही यात्रा मला लहानच वाटली होती. एक गोष्ट मात्र पहिल्याच वर्षी आवडली. ही यात्रा पेठेच्या हातावर चालायची. अण्णांकडून पैलवानांना आणि मानकऱ्यांना फेटे. किराणावाल्यांकडून महाप्रसादाचा गूळ आणि रवा. चावडीजवळच्या हॉटेलवाल्या मामाकडून लेझीमवाल्यांना आणि बँडवाल्यांना दिवसभर चहा. आणि आमच्याकडून भांडी: काहिल, मोठमोठी पातेली, पराती, झारे. ती परत यायची तेव्हा काळी झालेली असायची, एखाद्या पातेल्याला पोचा पडलेला असायचा. मी चिडायची, सासरे हसायचे. म्हणायचे, "देवाच्या कामाला गेलं हुतं. पोचा ऱ्हाऊ दे तसाच." ते पातेलं मग विकायचं नाही, घरी वापरायचं. आमच्या स्वयंपाकघरातलं एकही मोठं पातेलं गोल नाही.

पालखी देवळातून निघाली की पेठेतून यायची, दुकानादुकानाशी थांबायची, आणि जो तो दुकानदार आपल्या पायरीवरून गुलाल-खोबरं उधळायचा. बाकी वर्षभर आम्ही एकमेकांचं गिऱ्हाईक पळवायचो, एकमेकांच्या पायऱ्यांवरून भांडायचो. त्या एका दिवशी मात्र पेठ एका घराची वाटायची.

आदल्या वर्षीच्या यात्रेत एक प्रकार घडला होता. पालखी पेठेत शिरली आणि एवढी रेटारेटी झाली, की किराणा दुकानापाशी एक म्हातारी चक्कर येऊन पडली. दवाखान्याची गाडी आत येईना. खेळण्यांचे गाडे, आमच्या सगळ्यांच्या पुढं आलेल्या पायऱ्या, शेडचे खांब, मधे माणसं. मिस्टरांनी आणि हॉटेलवाल्या मामानं दुकानाची फळी काढली, तिच्यावर म्हातारीला झोपवलं आणि डोक्यावरून उचलून चावडीपर्यंत नेलं. ती वाचली. पण मिस्टर नंतर कितीतरी दिवस जेवताना मधेच थांबायचे आणि म्हणायचे, "अजून थोडा उशीर झाला असता तर?" पलटणीत माणसानं काय काय बघितलेलं असतं ते बायकोला कधी कळत नाही. मी नुसतं वाढायची.

तर त्या वर्षी यात्रेच्या आधी देवळाच्या सभामंडपात मिटिंग झाली. आमच्या बचत गटाकडं भाकरी करायचं काम होतं म्हणून आम्ही बायकाही मागं बसलो होतो. मॉलचा मालक कमिटीच्या अध्यक्षांच्या शेजारी बसलेला. अध्यक्ष म्हणजे गावचे माजी सरपंच. बोलले ते त्याच्याच वतीनं. मंडप मॉलकडून, लायटिंग मॉलकडून, कुस्त्यांची बक्षिसं, संध्याकाळचा ऑर्केस्ट्रा, सगळं मॉलकडून. मग तो स्वतः उठला आणि हात जोडून म्हणाला, "पेठेतल्या सगळ्या काका-मामांनी आजवर लय कष्ट घेतले. ह्या वर्षी तुमी काय बी तरास घिऊ नका. निवांत बसा आन् यात्रा बघा."

टाळ्या पडल्या. माझे हात काही टाळीला उठेनात. एरवी यात्रेच्या मिटिंगला दुकानदाराला ओढून न्यावं लागतं, आणि हा आपण होऊन सगळं अंगावर घेतोय. वर आम्हाला बसा म्हणतोय. ज्याला घरच्या कामातून "तू बस" म्हणतात, त्याचं घरातलं बोलणं हळूहळू संपतं, हे मी माझ्या आजोबांच्या बाबतीत बघितलं होतं.

"अण्णा, तुमचं काय म्हणणं?" अध्यक्षांनी विचारलं.

अण्णांनी चष्मा पुसला. "बघू की," एवढंच म्हणाले.

अण्णा असं कधी बोलत नसत. यात्रेच्या मिटिंगमध्ये त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. फेटा कुठल्या रंगाचा घ्यायचा यावरून ते तासभर भांडलेले मी पाहिले आहेत. मी मिस्टरांकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते.

त्यानंतर मी अण्णांवर नजर ठेवायला लागले. त्यात काही अवघड नव्हतं, त्यांचं दुकान बरोबर समोर. आणि एकदा नजर ठेवायला लागलं की दिसायलाही लागतं. दुपारी त्यांचं शटर अर्ध्यावर यायला लागलं. मॉलचा मॅनेजर, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेला, शटरखालून वाकून आत जायचा आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही. एकदा मॉलची पांढरी गाडी चावडीपाशी थांबली आणि अण्णा तिच्यातून उतरले, काठी सावरत. मी हाक मारली, "काय अण्णा, आज गाडीतनं?" तर ते म्हणाले, "गुडघं दुखत्यात गं," आणि भराभर चालत गेले. गुडघे दुखणारा माणूस एवढा भराभर चालत नाही.

मी मिस्टरांना सांगितलं. "अण्णा मॉलवाल्याला सामील झाल्यात."

ते स्टीलच्या डब्यांवरची धूळ पुसत होते. "तुला काय करायचंय?"

"आसं कसं? पेठेचा सगळ्यात मोठा माणूस हाय त्यो. त्येच फिरलं तर..."

"म्हाताऱ्या माणसाबद्दल आसं बोलू नये," ते म्हणाले. त्यांनी तोच डबा पुन्हा पुसला. तेव्हा मला वाटलं, सासऱ्यांच्या मित्राचा मान राखतायत.

मग एका सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यात्रेच्या फ्लेक्सचा फोटो आला. वर देव, खाली देवापेक्षा मोठा मॉलचा मालक, फेटा बांधून हसणारा. त्याखाली कार्यक्रम. पालखी मार्ग: मंदिर, चौक, बायपास मैदान. मी फोन डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचलं. पेठ नव्हतीच. देवळापुढच्या चौकातूनच पालखी उजवीकडे वळणार, आणि उजवीकडे गेलं की आमची गल्ली मागं राहते. यात्रा मॉलच्या दारात जाणार होती. कळशी घेताना तो गल्लीकडे का बघत होता, ते मला त्या फोटोवरून उमगलं.

पेठेतले सगळे हॉटेलवाल्या मामाकडे जमले. मीही दुकान तसंच टाकून गेले. मामा चहाचं पातेलं ढवळत तावातावानं बोलत होता. किराणावाले म्हणत होते, देव काय मॉलचा सेल्समन हाय का, दारात उभा करायला? तेवढ्यात अध्यक्षांची मोटारसायकल चावडीवरून जाताना दिसली. मामानं आडवं जाऊन ती थांबवली.

"पालखी पेठंतनं का न्हाई?" मामानं विचारलं.

अध्यक्ष गाडीवरून उतरले नाहीत. "गल्लीत गर्दी झेपत न्हाई, गेल्या वर्षी बघितलं की सगळ्यांनी. आन् आमी काय आपल्या मनानं ठरवलं न्हाई. पेठंतनंच होकार आलाय."

"पेठंतनं? कुणी दिला?"

"नाव नगं इचारू गड्या. तुमच्यातलाच शाणा माणूस हाय. समोर बसून बोलून गेलाय." आणि ते गेले.

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. अण्णा तेवढे आले नव्हते. त्यांचं शटर अर्ध्यावर होतं.

मला धीर धरवला नाही. मी सरळ जाऊन शटरखालून आत शिरले. अण्णा गादीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होते. दुकानात कापूर आणि नव्या कापडाचा वास होता. बाहेर पाच-सहाजण येऊन उभे राहिले, त्यांचे पाय मला शटरखालून दिसत होते.

"अण्णा," मी म्हणाले, "माझ्या लग्नाचा शालू तुमच्या दुकानातला. सासरे गेले तवा तुमी खांदा दिला. आन् आज तुमी देवाला पेठंतनं हाकलायला निघालाय? काय दिलं त्या माणसानं तुमाला?"

अण्णांनी हातातली घडी पूर्ण केली. ती कपाटात ठेवली. रागावले नाहीत, तेच मला जास्त टोचलं. मग हळू आवाजात म्हणाले, बाहेरच्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू, "सूनबाई, घरात इचारा."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मी शटरखालून बाहेर आले. मामानं विचारलं, "काय म्हणालं?" मी म्हणाले, "काय न्हाई," आणि गल्ली ओलांडून आमच्या दुकानात आले. मिस्टर स्टुलावर बसले होते. मी शटर खाली ओढलं. भर दुपारी आमचं शटर मी कधी ओढलं नव्हतं. त्या आवाजावरूनच त्यांना कळलं.

"तुमी गेलावता?"

"व्हय."

"तुमी सांगितलं पालखी पेठंतनं नगं म्हणून?"

"व्हय. मीच बोललो." ते उभे राहिले. अंधारात मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, फक्त खांदे दिसत होते, सरळ, परेडला उभं राहिल्यासारखे. "अगं, ती म्हातारी मेली असती त्या दिवशी. फळीवर तिचं डोकं कसं हलत हुतं, तू बघितलं न्हाईस. हितं एखादं पोरगं चेंगरलं तर? मैदान मोठं हाय, ॲम्ब्युलन्स आत येती. कुणीतरी बोलायला पायजे हुतं."

"मग मला का न्हाई सांगितलं? पेठंत का न्हाई बोलला? मिटिंगला फरशीकडं का बघत बसला?"

ते गप्प.

दुकानात बसलेल्या बाईला गप्प बसण्याचे प्रकार माहीत असतात. भाव पटला नाही म्हणून गप्प, पैसे कमी आहेत म्हणून गप्प, आणि काहीतरी लपवायचंय म्हणून गप्प. हे तिसऱ्या जातीचं होतं.

"आन् तुमाला काय मिळणार?" मी विचारलं.

ते म्हणाले, "मॉलच्या सिक्युरिटीचं काम बघा म्हणालाय. माजी सैनिक पायजे हाय त्येला."

"त्यो आधी म्हणाला का तुमी आधी बोलला?"

"म्हंजे?"

"म्हंजे त्यानं काम दिलं म्हणून तुमाला म्हातारी आठवली, का म्हातारी आठवली म्हणून तुमी गेला आन् मग त्यानं काम दिलं?"

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. आवाज दुखावलेला होता. खराच दुखावलेला. पण पकडलेला माणूसही तसाच दुखावतो.

मला काय वाटतं ते मला आजही सांगता येत नाही. म्हातारीसाठी ते जेवताना थांबायचे, ते खोटं नव्हतं. आणि रोज गिऱ्हाइकाची वाट बघत स्टुलावर बसणं त्यांना सोसत नव्हतं, हेही खरं होतं. आमच्या दुकानात दोन माणसांचं काम उरलं नव्हतं. ते मी बोलून दाखवत नसे आणि तेही.

मी म्हणाले, "बाहेर सगळी अण्णांच्या नावानं बोटं मोडत्यात. तुमी सांगता का मी सांगू?"

त्यांनी शटर वर केलं आणि चालत हॉटेलपर्यंत गेले. मी मागं. मामाच्या बाकापुढं उभं राहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "होकार मी दिलाय. अण्णांचा काय संबंध न्हाई." कामाचंही सांगितलं, ते सांगतील असं मला वाटलं नव्हतं. मामानं चहाचं ओगराळं आपटलं. "गेल्या वर्षी फळीला तुझ्या बरोबरीनं खांदा दिला रं मी," तो म्हणाला, "मला एका शब्दानं सांगावं वाटलं न्हाई तुला?" किराणावाले तर माझ्याकडेच बघत होते, मलाही आधीपासून ठाऊक होतं असं समजून. ती नजर मी ओळखली. मघापर्यंत मी अण्णांकडे तशीच बघत होते.

भांडण वाढत चाललं होतं तेव्हा अण्णा काठी टेकत आले. त्यांना बघून सगळे थोडे ओशाळले. मामानं त्यांना बाकावर जागा करून दिली.

"पोरगं बोलतंय त्यात चूक न्हाई," अण्णा म्हणाले. "गल्ली अरुंद हाय. पर ती देवानं अरुंद केली न्हाई. माझी पायरी बगा कुठवर आलीया. मामाचं शेड बगा. तुझं," किराणावाल्यांकडे काठी करून, "पोती ठेवायचं फळ्यांचं काम निम्म्या गल्लीत हाय. ते समदं काढा. गाडं, पाळणं, कुस्त्या, ऑर्केस्ट्रा जाऊ द्या मैदानावर. पालखी तेवढी पेठंतनं न्यायची. मोकळ्या पेठंतनं."

बोलणं सगळ्यांना पटलं. पण काढायचं कुणी आधी? मी शेड काढलं आणि शेजाऱ्यानं नाही काढलं तर? यात्रा झाल्यावर तो पायरी आणखी पुढं घेईल तर? मामा म्हणे किराणावाल्यांनी आधी, किराणावाले म्हणे आधी मामा. दोन दिवस प्रत्येकजण आपल्या दारात उभा राहून दुसऱ्याच्या पत्र्याकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानावरच्या घरात दूध तापवत होते तेव्हा खालून घणाचे आवाज यायला लागले. खिडकीतून बघितलं. मिस्टर एकटेच बनियनवर उभे राहून आमची फरशीची पायरी फोडत होते. सासऱ्यांनी बसवलेली. मी खाली गेले. घमेलं घेऊन तुकडे भरायला लागले. थोड्या वेळानं समोर अण्णांचा गडी पहार घेऊन आला. दुपारपर्यंत मामाचं शेड उतरलं. सगळ्यात शेवटी किराणावाल्यांनी फळ्या काढल्या, तेही चारदा मोजमाप करून, आपलंच जास्त गेलं म्हणत.

संध्याकाळी पेठ बघून मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. एवढी रुंद गल्ली इथं होती, हे लग्न होऊन आल्यापासून मी कधी बघितलंच नव्हतं. पोरांनी लगेच क्रिकेट सुरू केलं.

अध्यक्ष आणि मॉलचा मालक येऊन गल्ली बघून गेले. मालक लगेच म्हणाला, "झ्याक! पालखी पेठंतनंच जाऊ द्या. आमाला देवाच्या कामात आडवं यायचं न्हाई." एवढं पटकन कबूल झाला, की आम्हा सगळ्यांना पुन्हा शंका. मामा तर यात्रेच्या दिवशी सकाळपासून चौकात जाऊन उभा राहिला, पालखी ऐनवेळी उजवीकडे वळवतील म्हणून. वळवली नाही. हलगी वाजत पालखी पेठेत आली. भांडी आमचीच गेली होती, फेटे अण्णांचेच होते, लेझीमवाल्यांना चहा मामाचाच. मॉलच्या मालकालाही मानाचा फेटा बांधला, तो अण्णांनी स्वतःच्या हातानं बांधला. मिस्टर गल्लीच्या तोंडाला उभे राहून माणसं सोडत होते, कुणाला रेटू देत नव्हते. आमच्या दाराशी पालखी थांबली तेव्हा पायरी नव्हती, म्हणून मी जमिनीवरूनच खोबरं उधळलं. ते नीट वर गेलं नाही, पुढच्या माणसाच्या खांद्यावर पडलं.

खरं सांगायचं तर दर्शन झाल्यावर गर्दी मैदानाकडेच गेली. पाळणे तिकडे, कुस्त्या तिकडे. पेठेत दुपारनंतर आम्हीच एकमेकांची तोंडं बघत बसलो. म्हणजे त्याला पटकन कबूल व्हायला काहीच अडचण नव्हती. देव आमच्याकडून गेला आणि माणसं त्याच्याकडे गेली.

दिवाळीनंतर अण्णांनी दुकान विकलं. मॉलच्याच मालकाला.

ही बातमी मला किराणावाल्यांनी सांगितली, डोळे बारीक करून, "बघा, तुमी म्हणत हुता तेच खरं," असं म्हणत. मला मात्र आपलं खरं ठरल्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही. मी समोर गेले. अण्णा खोक्यात कापड भरत होते, लेकीकडे सांगलीला जायची तयारी चाललेली. मी खाली बसून त्यांना मदत करायला लागले.

"शटर अर्ध्यावर असायचं ते ह्याच्यासाठी?" मी विचारलं.

"व्हय. तवापासनंच बोलणं चाललंतं. गुडघं खरंच दुखत्यात गं. लेक एकटी हाय, ती म्हणती या. हितं आता कोण बसणार?" त्यांनी खोक्यात एक घडी ठेवली. "मी बोलणी करायला मॉलात गेलोतो, तवा तुझा नवरा मला तिथंच दिसला. मॅनेजरच्या खोलीभायेर. मी त्येला बघितलं, त्यानं मला बघितलं. दोघं बी काय बोललो न्हाई. त्येला वाटलं आसंल मी पेठ विकायला आलोय, मला वाटलं त्यो विकायला आलाय."

"मग त्या दिवशी तुमी दुकान विकताय ते का न्हाई सांगितलं? पेठेसाठी एवढं बोलला, आन् तुमीच तर पेठंतनं निघून चाललावता."

"सांगितलं असतं तर कुणी माझं ऐकलं असतं का?" अण्णा म्हणाले. "समदी म्हणाली असती, म्हाताऱ्याला किंमत चांगली यावी म्हणून गल्ली मोकळी करायला सांगतोय."

मी हातातली साडी घडी करून दिली. खोटं कशाला बोलू? त्याच क्षणी माझ्याही मनात तेच आलं होतं. मोकळ्या गल्लीतल्या दुकानाला भाव चांगलाच आला असणार. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि मला वाटतं त्यांना ते दिसलं. ते हसले नाहीत. "तू दुकानदार झालीस," एवढंच म्हणाले. कौतुक होतं की काय, कळलं नाही.

मिस्टरांनी मॉलचं काम धरलं. पण त्या वेळी आधी मला विचारलं. जेवताना, सरळ. मी म्हणाले, जावा. आता ते सकाळी निळा गणवेश घालून बायपासला जातात आणि संध्याकाळी तिथल्या गमती सांगतात. मी ऐकते. कधीकधी एखादी गोष्ट सांगताना ते मधेच थांबले, की माझे कान टवकारतात. त्यांनाही ते कळतं. मग ते मुद्दाम पुढचं सगळं, कुणी काय म्हटलं ते शब्दन् शब्द सांगतात. आमचा संसार आता असा आहे, थोडा जास्त बोलका.

ह्या वर्षीच्या कमिटीत मला घेतलंय. मिटिंगला मॉलच्या मालकानं पुन्हा मंडप, लायटिंग सगळं देऊ केलं. मी पुढंच बसले होते. विचारलं, "बदल्यात काय?" तो हसला आणि म्हणाला, "काकी, धंदा. दुसरं काय?" एवढं स्वच्छ तो पहिल्यांदाच बोलला. मी म्हणाले, मंडप घेऊ, लायटिंग घेऊ, प्रसाद आणि पालखीची वाट पेठेकडं राहील, आणि हे आत्ता सगळ्यांसमोर ठरू दे. तसं ठरलं.

यात्रेला अण्णा सांगलीहून आले. एकटेच, एसटीनं. त्यांच्या दुकानात आता मॉलचं पार्सल द्यायचं काउंटर आहे, तिथं बसलेला मुलगा त्यांना ओळखत नव्हता. ते मधे गल्लीत उभे होते, कुठं टेकावं ते न सुचल्यासारखे. मी आतून खुर्ची आणली आणि आमच्या दारात ठेवली. मिस्टर तासाभराची सुट्टी घेऊन आले होते. पालखी येईपर्यंत तिघं बसून राहिलो. ते दोघं उसाच्या दराबद्दल आणि गुडघ्याच्या औषधाबद्दल बोलले. दुसरं काही नाही.

पालखी गेल्यावर मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेले. वाटलं होतं, चढताना ते मागं वळून पेठेकडं बघतील. पण गाडीला तोबा गर्दी होती, आणि त्यांना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची होती.